ई-मेलची छाननी वाचता येणाऱ्या नियमांनी व्हावी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ई-मेलच्या वाढत्या भाराविषयी आलेला लेख वाचला. न वाचलेल्या पत्रांची रास साचते, कामाचे पत्र जाहिरातींखाली दबते आणि शेवटी माणूस इनबॉक्स उघडण्याचाच कंटाळा करू लागतो, हे लेखातील वर्णन यथार्थ आहे. मात्र त्यावर लेखाने सुचवलेला एकमेव उपाय, म्हणजे आपली सगळी टपालपेटी एखाद्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपच्या स्वाधीन करून महत्त्वाचे काय ते त्यालाच ठरवू द्यावे, मला पटला नाही. एका शिक्षण संस्थेच्या ई-मेल सर्व्हरची देखभाल मी बरीच वर्षे केली आहे. त्या कामाच्या आधारे माझे म्हणणे असे आहे की, आलेले पत्र कोणत्या फोल्डरात जाईल हे ठरवणारा नियम, ते पत्र ज्याच्या नावे आले त्याला उघडून वाचता आला पाहिजे. अशा नियमांवर चालणारी साधने जुनी आहेत, विनामूल्य आहेत आणि आजही रोज वापरात आहेत. ती कमांड लाइनवर चालतात, म्हणजे चित्रांवर बोट न ठेवता लेखी आज्ञा देऊन चालवावी लागतात, एवढ्याच कारणाने सर्वसामान्य वाचकाच्या कानावर त्यांचे नावही पडत नाही.

आपल्याकडे कागदी टपालाची छाननी कशी होते ते आठवावे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड पद्धत सुरू झाली, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे विद्वानही होते. पहिला अंक विभागाचा, पहिल्या तीन अंकांनी छाननीचा जिल्हा आणि सहाही अंकांनी वाटपाचे टपाल कार्यालय ठरते. पाकीट न फोडता, वरच्या सहा अंकांवरून, सर्वांना ठाऊक असलेल्या नियमाने पत्र मार्गी लागते. ई-मेलच्या माथ्यावरही अशा ओळी असतात. पाठवणारा, घेणारा, विषय, दिनांक एवढ्याच आपल्याला दिसतात. पण त्यांच्या सोबतीला आणखी दहा-वीस ओळी येतात, ज्यांना हेडर म्हणतात आणि ज्यांकडे सहसा कोणी पाहत नाही. नियमांनी होणारी छाननी प्रामुख्याने या ओळींवर चालते, आणि ॲपला पत्राचा मजकूर वाचू देण्यात जो खासगीपणा जातो तो येथे जाण्याचे कारण उरत नाही.

या साधनांपैकी सर्वांत नावाजलेले म्हणजे १९९० च्या दशकाच्या आरंभी स्टीफन व्हान डेन बर्ग यांनी लिहिलेले प्रॉकमेल. युनिक्स ही संगणक प्रणाली वापरणाऱ्या विद्यापीठांत आणि इंटरनेट पुरवठादारांकडे एके काळी ते जवळजवळ सर्वत्र असे. त्याचा नियम तीन ओळींचा: पहिल्या ओळीत अपूर्णविराम आणि शून्य, दुसरीत तारांकनापुढे अट, तिसरीत फोल्डरचे नाव. पहिल्या ओळीत शून्यानंतर आणखी एक अपूर्णविराम दिला की फोल्डरला क्षणभर कुलूप लागते. ज्या काळी एका फोल्डरातील सर्व पत्रे एकाच लांबलचक फाइलमध्ये एकापुढे एक लिहिली जात, त्या काळी एकाच वेळी आलेली दोन पत्रे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ते कुलूप आवश्यक असे. नवख्या माणसाला त्या जादा अपूर्णविरामाचे महत्त्व कोणी सांगत नसे, आणि प्रॉकमेलविषयी माझा पहिला आक्षेप तोच आहे: नियम लिहिणाऱ्याला जे वाचता येते आणि यंत्र जे करते, त्यांतील अंतर तेथे फार होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. २००१ नंतर कित्येक वर्षे त्याची नवी आवृत्ती निघाली नाही, सुरक्षेच्या त्रुटी उघड होत राहिल्या, आणि २०१४ मध्ये त्याची देखभाल पूर्वी केलेल्या फिलिप गुंथर यांनीच ओपनबीएसडी या युनिक्ससारख्या संगणक प्रणालीच्या मंडळींना ते काढून टाकण्याचा सल्ला दिला. पुढे मूळ लेखकाने काम पुन्हा हाती घेतले आणि २०२२ मध्ये नवी आवृत्ती आली, हे खरे. तरीही आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी प्रॉकमेल सुचवणार नाही.

मी सुचवीन ते सीव्ह. ही केवळ एक आज्ञावली नसून नियम लिहिण्याची प्रमाणित भाषा आहे. इंटरनेटची प्रमाणे आरएफसी नावाच्या क्रमांकित पत्रकांतून प्रसिद्ध होतात; तिचे पहिले प्रमाणपत्रक आरएफसी ३०२८ या क्रमांकाने जानेवारी २००१ मध्ये आणि सुधारित पत्रक आरएफसी ५२२८ या क्रमांकाने जानेवारी २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. सुधारित पत्रकाच्या दोन संपादकांपैकी एक तेच फिलिप गुंथर आहेत, ही गोष्ट मला बोलकी वाटते. सीव्हच्या मूळ भाषेत चलपदे नाहीत, आवर्तने नाहीत, बाहेरची दुसरी आज्ञावली चालवण्याची सोय नाही. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे अपुरेपण वाटते. प्रत्यक्षात ते हेतुपुरस्सर राखलेले आहे, कारण हजारो वापरकर्त्यांचे नियम एकाच सर्व्हरवर चालायचे असतील तर कोणाच्याही नियमाने सर्व्हर अडकता कामा नये किंवा त्यातून आत शिरायला वाट मिळता कामा नये. अमुक पत्त्यावरून पत्र आले तर अमुक फोल्डरात ठेव आणि थांब, असा सीव्हच्या नियमाचा एकूण बाज असतो. पत्र ठेवणे, फोल्डरात टाकणे, दुसऱ्या पत्त्यावर पाठवणे आणि टाकून देणे या मोजक्या क्रिया आहेत, आणि नियमांपैकी एकही लागू झाला नाही किंवा नियम चालवताना चूक निघाली तर पत्र निमूटपणे इनबॉक्समध्येच राहते. शंका आली तर पत्र टाकायचे नाही, राखायचे, ही वृत्ती भाषेच्या पायातच घातलेली आहे.

कमांड लाइनचा खरा उपयोग नियम लिहिताना होतो त्यापेक्षा तो तपासताना अधिक होतो. डव्हकॉट हा मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा ई-मेल सर्व्हर घेतला, तर त्याच्या पिजनहोल या जोडभागात सीव्ह-टेस्ट नावाची आज्ञा मिळते. तिला नियमांची फाइल आणि एखादे जुने पत्र द्यावे. हे पत्र आले असते तर त्याचे काय झाले असते ते ती सांगते, आणि प्रत्यक्षात काहीही हलवत नाही. सीव्ह-फिल्टर नावाची दुसरी आज्ञा आधीच साचलेल्या फोल्डरावर नियम चालवते. तीही मूळ स्थितीत केवळ तालीम करून दाखवते, आणि खरोखर अंमल करायचा तर तसे वेगळे सांगावे लागते. ज्यांच्या सर्व्हरवर सीव्हची सोय नाही, त्यांना आयमॅपफिल्टर हे साधन आहे. त्यात नियम लुआ या संगणकीय भाषेत लिहायचे असतात आणि ते आपल्या संगणकावरून दूरच्या पेटीवर चालते. जीमेलसाठी ते वापरायचे तर मे २०२२ च्या अखेरीपासून खासगी खात्यांना नेहमीचा पासवर्ड तेथे चालत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून सोळा अक्षरांचा वेगळा ॲप-पासवर्ड घ्यावा लागतो. ज्यांना हे सगळे नको असेल, त्यांनी निदान जीमेलच्या सेटिंगमधील फिल्टर वापरावेत आणि ते अधूनमधून फाइल म्हणून उतरवून ठेवावेत. ती फाइल उघडली की आपले सर्व नियम अक्षरांत वाचता येतात, आणि माझा मूळ आग्रह तेवढ्यानेही पुरा होतो.

आता मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, ज्याचा उल्लेख या विषयावरच्या लेखनात मला क्वचितच आढळतो. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ मुळे राज्याचा कारभार मराठीतून चालणे अपेक्षित आहे, आणि शाळा, सहकारी संस्था, ग्रामपंचायती यांच्या पत्रांचे विषय आता बहुधा देवनागरीतच असतात. ई-मेलच्या हेडरमध्ये मात्र मुळात रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हेच चालत असत. त्यामुळे देवनागरी विषय सांकेतिक रूपात बदलून पाठवला जातो आणि आपल्या पडद्यावर तो पुन्हा मराठीत उलगडतो. यूटीएफ-८ या संगणकात अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, मात्रा, हलंत हे सुटे सुटे, तीन बाइट, म्हणजे साठवणीची तीन घरे, व्यापते. बेस ६४ ही सांकेतिक पद्धतही तीन-तीन बाइटांचा गट करून त्याची चार चिन्हे बनवते. हा जुळलेला योग शब्द संपेपर्यंतच टिकतो, कारण शब्दांमधील मोकळी जागा एकच बाइट घेते आणि तिच्यापुढचे सगळे गट एका घराने सरकतात. परिणामी ‘तक्रार’ हाच शब्द विषयात पहिला आला, दुसरा आला की तिसरा आला, यावरून त्याचे सांकेतिक रूप तीन वेगवेगळ्या प्रकारचे होते. त्यातच एका सांकेतिक तुकड्याची कमाल लांबी पंच्याहत्तर चिन्हे ठरवून दिलेली आहे. सुरुवातीची आणि शेवटची खूण वजा जाता यूटीएफ-८ मधील देवनागरीची जेमतेम पंधरा चिन्हे एका तुकड्यात मावतात, म्हणून ‘वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना’ यासारखा साधा विषयही दोन-तीन तुकड्यांत फुटतो, आणि फुटण्याची जागा शब्दाच्या मध्यावरही येऊ शकते.

जे साधन हेडर जसेच्या तसे, न उलगडता तपासते, त्याला या परिस्थितीत मराठी शब्द सापडणे जवळजवळ अशक्य असते. प्रॉकमेल हे असेच साधन आहे. त्याच्याकडून मराठी विषय ओळखून घ्यायचा तर आधी दुसऱ्या आज्ञावलीकडून तो उलगडून घ्यावा लागतो. सीव्हच्या प्रमाणपत्रकात मात्र हेडर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, उलगडून मगच तुलना करावी असे सांगितलेले आहे, आणि नियमांची फाइल स्वतः यूटीएफ-८ मध्ये असते. त्यामुळे नियमात थेट ‘तक्रार’ असे लिहिता येते, आणि फोल्डरलाही ‘शासकीय पत्रे’ असे नाव देता येते. मराठीतून कारभार करणाऱ्या कार्यालयासाठी सीव्हची निवड करण्याला माझ्या मते एवढे एक कारण पुरेसे आहे.

तरीही एक पेच उरतो, आणि तो आपल्याच लिपीच्या संगणकीय लेखनातला आहे. ‘शेतकऱ्यांना’, ‘कर्मचाऱ्यांची’, ‘सुधारणाऱ्या’ अशा शब्दांतील अर्धा र टंकलिखित करण्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत. एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह हलंतासह वापरले जाते; दुसऱ्यात नेहमीचा र, हलंत आणि न दिसणारे एक जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण यंत्राच्या दृष्टीने ते दोन निराळे शब्द आहेत, आणि एका रूपासाठी लिहिलेला नियम दुसऱ्या रूपातील पत्राला लागू होत नाही. सीव्ह येथे मदत करत नाही, कारण ही दोन रूपे युनिकोडच्या दृष्टीनेही समतुल्य नाहीत. उपाय सोपा आहे: पूर्ण शब्दाऐवजी ‘शेतक’ किंवा ‘कर्मचा’ एवढाच निर्विवाद भाग विषयात आहे का ते तपासावे, किंवा दोन्ही रूपे एकाच नियमात लिहावीत. अडचण कळलेली असेल तर ती दोन मिनिटांत सुटते. जो नियम दिसतच नाही अशा ॲपच्या पोटात हीच अडचण असेल, तर ती कोणाला कळणार आणि कोणी दुरुस्त करायची, या प्रश्नाचे उत्तर त्या लेखाच्या लेखकाने द्यावे असे वाटते.

विषयातील शब्दांवर फार भिस्त ठेवू नये, हेही येथेच सांगतो. घाऊक पत्रे पाठवणाऱ्या संस्था हेडरमध्ये यादीची, म्हणजे पत्रे ज्या पत्त्यांच्या यादीला जातात तिची, ओळख आणि यादीतून नाव काढण्याचा दुवा देतात. यादीच्या ओळखीचे हेडर २००१ मध्ये आणि नाव काढण्याच्या दुव्याचे त्याआधी, १९९८ मध्ये प्रमाणित झाले. २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय सक्तीची केली आहे, त्यामुळे जाहिराती आणि वार्तापत्रे ओळखायला नाव काढण्याच्या दुव्याचे हेडर असणे हीच खूण आता बऱ्यापैकी विश्वासार्ह ठरते. ‘सवलत’, ‘ऑफर’, ‘फक्त आजच’ असे शब्द गोळा करत बसण्यापेक्षा या एका नियमाने इनबॉक्स अधिक हलका होतो. बनावट पत्रांची गोष्ट वेगळी आहे. ती अशी ओळख देत नाहीत, पाठवणाऱ्याचा पत्ताही खोटा घालतात, आणि त्यांना पकडायला संभाव्यतेवर चालणारी यंत्रेच योग्य आहेत, हे मी मान्य करतो. स्पॅमअसॅसिन यासारखी आज्ञावली पत्राला गुण देते आणि तो आकडा हेडरमध्ये लिहून ठेवते. त्या आकड्यावर काय करायचे ते पुन्हा आपला नियम ठरवू शकतो. अंदाज यंत्राने करावा, निर्णयाची रेषा माणसाने आखावी, अशी ही वाटणी आहे, आणि लेखात सुचवलेल्या ॲपमध्ये नेमकी हीच वाटणी नाहीशी होते.

खासगी माणसाचे एखादे पत्र चुकून भलत्या फोल्डरात गेले तर त्याचे नुकसान त्याच्यापुरते असते. सार्वजनिक कार्यालयाच्या पत्त्यावर असे घडले तर प्रश्न कायद्याचा होतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ नुसार, दोन्ही बाजूंमध्ये वेगळे ठरलेले नसेल तर, घेणाऱ्याने नेमून दिलेल्या संगणकीय व्यवस्थेत अभिलेख शिरला की तो मिळाला असे मानले जाते. अधिकाऱ्याने तो उघडला की नाही याला महत्त्व नाही. याचा माझ्या समजुतीप्रमाणे अर्थ असा की, कार्यालयाने जाहीर केलेल्या पत्त्यावर नागरिकाचा अर्ज येऊन तो स्पॅम फोल्डरात पडला असेल, तर ‘आम्हाला मिळालाच नाही’ हे उत्तर टिकू नये. ‘पत्र स्पॅममध्ये गेले असेल’ हे वाक्य आज कार्यालयांत ज्या सहजतेने उच्चारले जाते, ते पाहता छाननीचा नियम कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि तो कोठे वाचायला मिळेल, हे विचारण्याची वेळ आली आहे. सीव्हच्या फाइलमध्ये प्रत्येक नियमाच्या वर टिपणी लिहिण्याची सोय आहे. हा नियम अमुक दिनांकाला, अमुक अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून, अमुक कारणाने घातला, अशी मराठीत एक ओळ लिहायला कोणताही खर्च येत नाही, आणि ती फाइल छापून इतर कार्यालयीन आदेशांसोबत नस्तीत लावता येते.

सीव्हमध्ये पत्र टाकून देण्याची जी क्रिया आहे, तिला डिस्कार्ड म्हणतात. तीत पत्र कायमचे जाते आणि पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पत्र नाकारून पाठवणाऱ्याला तसे कळवण्याची क्रिया वेगळी आहे, तिला रिजेक्ट म्हणतात. खोट्या पत्त्यांवरून येणाऱ्या कचऱ्याला उत्तरे पाठवत बसू नये, हे तंत्रज्ञांचे म्हणणे बरोबर असल्यामुळे रिजेक्टचा वापर जपून करावा लागतो. परंतु नागरिकांच्या अर्जांसाठी जाहीर केलेल्या पत्त्यावर डिस्कार्ड वापरण्याचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही. संशयास्पद पत्र वेगळ्या फोल्डरात ठेवावे, तो फोल्डर रोज तपासण्याची जबाबदारी नावानिशी कोणाकडे तरी द्यावी, आणि ठरावीक मुदतीनंतरच तो रिकामा करावा. पूर्वी आवक-जावक नोंदवहीत अनावश्यक वाटणाऱ्या पत्रालाही क्रमांक मिळत असे. तोच दंडक ई-मेलला लावावा, एवढीच मागणी आहे.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. ज्या शिक्षण संस्था, सहकारी बँका आणि कार्यालये स्वतःचा ई-मेल सर्व्हर चालवतात किंवा कोणाकडून चालवून घेतात, त्यांनी आपल्या वापरकर्त्यांना सीव्हचे नियम लिहिण्याची मुभा द्यावी. ती बऱ्याचदा सर्व्हरवर असूनही बंद ठेवलेली असते, आणि सेवा देणाऱ्या कंपनीशी करार करताना कोणी विचारत नाही म्हणून तशीच राहते. शासनाच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने, नागरिकांच्या पत्रव्यवहारासाठी जाहीर केलेल्या कोणत्याही पत्त्यावर पत्र नष्ट करणारा नियम ठेवू नये आणि छाननीचे नियम कार्यालयात पाहायला उपलब्ध ठेवावेत, असे परिपत्रक काढावे. आपल्या वृत्तपत्राने या दुसऱ्या मागणीबाबत संबंधित विभागाला विचारणा केली आणि मिळालेले उत्तर छापले, तर अनेक अर्जदारांना त्याचा उपयोग होईल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक, सातारा